वेदनेचे द्वार आणि हातातील बटण

गोंदियाच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी घरात सुनेला किंवा माहेरी आलेल्या लेकीला नववा महिना लागला, की तयारीला वेग येतो. बाळंतिणीची खोली झाडून-पुसून सज्ज होते. डिंक, मेथी, अळीव, खारीक यांची मोजदाद होते. जुन्या सुती लुगड्यांची मऊ दुपटी शिवली जातात. रुग्णालयात न्यावयाच्या पिशवीत तपासण्यांची कागदपत्रे, सोनोग्राफीचे अहवाल, आधार कार्ड आणि रोख रक्कम नीट ठेवली जाते. दुकानातील मालाची यादी ज्या काटेकोरपणे होते, त्याच काटेकोरपणे ही यादीही होते. तिच्यातून एकच नोंद बहुधा निसटते. कळा सुरू झाल्यावर त्या वेदनेचे काय करावयाचे, हा प्रश्न पिशवीत कोणी ठेवत नाही.

लेकीच्या मनात तो असतो. रात्री दिवा मालवल्यावर ती हळूच विचारते, "आई, फार दुखतं का गं?" आई तिच्या केसांवरून हात फिरवते. "दुखतं गं, पण बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरायला होतं." या उत्तरात माया आहे आणि अनुभवही आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नाही. लेक गप्प राहते आणि भीती तिच्यापाशीच राहते.

या मौनातून पुढे दोन टोके निघतात. एका घरात "आम्ही नाही का सहन केलं?" असे म्हणून विषय संपविला जातो. दुसऱ्या घरात वेदनेच्या धास्तीने, क्वचित मुहूर्ताच्या हौसेनेही, "डॉक्टर, सिझरच करून टाका" अशी घाई होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. देशभराचा आकडा २१.५ टक्के होता. मात्र देशातील खासगी रुग्णालयांत तो ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होता. या अंतरामागे अनेक कारणे आहेत आणि गरजेच्या वेळी सिझेरियन प्राण वाचवते, यात शंका नाही. तरीही केवळ कळांच्या भयापोटी पोटावर शस्त्रक्रिया स्वीकारणे हा महागडा सौदा ठरतो. त्याची किंमत पुढच्या गरोदरपणातही मोजावी लागू शकते. सोसणे आणि शस्त्रक्रिया या दोन टोकांच्या मध्ये काही मार्ग आहेत, हे घरात ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यांपैकी एक मार्ग विजेच्या सौम्य स्पंदनांचा आहे. त्याला वैद्यकात 'टेन्स' म्हणतात.

प्रसववेदना कमी करावी की नाही, हा वाद जुना आहे. स्कॉटलंडमधील डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला, तेव्हा त्याला धार्मिक आणि वैद्यकीय अशा दोन्ही बाजूंनी विरोध झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या अपत्याच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार बोथट झाली. ज्या वेदनेविषयी पुरुष विद्वान वाद घालत होते, त्याविषयी एका सामर्थ्यवान स्त्रीने स्वतः निर्णय घेतला, हे या प्रसंगाचे खरे महत्त्व आहे.

महाराष्ट्रातही या विषयाशी एक नाव जोडलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. १८८६ मध्ये पदवी मिळविताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परदेशी जाण्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे, हे जाहीर सभेत मांडले होते. स्त्रीने आपले दुखणे मोकळेपणाने सांगावे आणि कोणीतरी ते ऐकून घ्यावे, ही त्या मागणीमागची तळमळ होती. सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतरही अनेक घरांत ती तितकीच ताजी आहे.

विजेने दुखणे शमविण्याची कल्पना त्याहूनही पुरातन आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखी आणि संधिवातावर विद्युत्-मत्स्याचा झटका सुचवीत असे. परंतु अशा उपायाला शास्त्रीय बैठक मिळाली ती १९६५ मध्ये. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी वेदनेचा एक नवा सिद्धान्त मांडला. तो 'द्वार-नियंत्रण सिद्धान्त' म्हणून ओळखला जातो.

हा सिद्धान्त समजण्यास घरातील अनुभव पुरेसा आहे. गुडघा दारावर आपटला की हात आपोआप तेथे जातो आणि आपण तो भाग चोळू लागतो. चोळल्यावर दुखणे थोडे कमी भासते. शरीरात स्पर्श आणि कंपन यांची वार्ता जाड मज्जातंतू वेगाने नेतात. वेदनेची वार्ता बारीक तंतू तुलनेने सावकाश नेतात. दोन्ही वार्ता मज्जारज्जूत एका नाक्यावर येतात. जाड तंतूंची वर्दळ वाढली की त्या नाक्यावरील द्वार काहीसे मिटते आणि मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदना घटते. कळा येताना सुईण किंवा आई कमरेवर तळहात दाबून चोळत असे, त्यामागचे कारणही बहुतांशी हेच असावे. टेन्सचे यंत्र हेच चोळण्याचे काम विजेच्या स्पंदनांनी करते.

यंत्र मुठीत मावण्याएवढे आणि बॅटरीवर चालणारे असते. त्यातून निघणाऱ्या बारीक तारांना चिकट पट्ट्या जोडलेल्या असतात. प्रसूतीत त्या चार ठिकाणी लावतात. वरची जोडी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, साधारणतः अंतर्वस्त्राच्या पट्ट्याच्या पातळीवर असते. खालची जोडी कमरेच्या खाली, नितंबांच्या वर दिसणाऱ्या खळग्यांच्या पातळीवर असते. या जागांना आधार आहे. कळांच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशय आणि त्याचे मुख यांची वेदना छातीच्या शेवटच्या तीन मणक्यांच्या व कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवरील तंतूंवाटे मज्जारज्जूत शिरते. बाळ खाली सरकू लागल्यावरची वेदना माकडहाडाच्या वरच्या भागातील तंतूंवाटे येते. यंत्र सुरू केले की मुंग्या आल्यासारखी झिणझिण जाणवते. स्पंदने सेकंदाला बहुधा ८० ते १०० इतकी असतात. प्रसूतीसाठीच्या यंत्राला एक वेगळे बटणही असते. कळ चढू लागली की स्त्री ते दाबते आणि स्पंदनांचा जोर वाढतो. कळ ओसरली की ती तो पुन्हा कमी करते. औषध शरीरात जात नाही, शुद्ध हरपत नाही आणि चालता-फिरता येते.

स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात प्रसूतिगृहांत हा प्रयोग झाला. १९७७ मध्ये तेथील डॉक्टरांनी १४७ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे ब्रिटनमध्ये ही यंत्रे घरी भाड्याने नेण्याची पद्धत रुळली.

येथवरची बाजू जमेची झाली. व्यापारी कुटुंब मात्र एकच बाजू पाहून खतावणी मिटवीत नाही. नावे बाजूही तपासली पाहिजे.

कॉक्रेन या संस्थेने जगभरातील १९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १,६७१ स्त्रिया सहभागी होत्या. टेन्स लावलेल्या आणि न लावलेल्या स्त्रियांनी वेदनेला दिलेल्या गुणांत एकंदरीत फारसा फरक आढळला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर २००७ मध्ये असे सांगितले, की कळा पूर्ण जोरावर आलेल्या स्त्रीला टेन्स देऊ करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतिकाळासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. वेदनाशमनासाठी त्यांत एपिड्युरल, अफूवर्गीय औषधे, श्वसन व शिथिलीकरणाच्या पद्धती, मालीश आणि गरम शेक यांचा समावेश आहे. टेन्स त्या यादीत नाही.

दुसरीकडे ब्राझीलमध्ये झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिलटकरणी असलेल्या ४६ स्त्रिया होत्या. गर्भाशयाचे मुख ४ सेंटिमीटर उघडले असता त्यांच्यापैकी निम्म्या जणींना ३० मिनिटे टेन्स दिले गेले. शंभर गुणांच्या मापावर त्यांची वेदना सुमारे १५ गुणांनी कमी नोंदली गेली आणि औषधाची मागणी सुमारे पाच तास पुढे गेली. चाचणी लहान आहे, म्हणून तिच्यावर सगळा हिशेब उभारता येत नाही. तथापि ती एक दिशा दाखवते. ब्रिटनची आरोग्यसेवाही स्त्रियांना साधारणतः असेच सांगते, की टेन्सचा उपयोग झालाच तर कळांच्या आरंभी, कंबर भरून येते तेव्हा, होण्याचा संभव अधिक. कळा जोरावर आल्यावर त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही.

कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात आणखी एक नोंद आहे आणि विचार करण्याजोगी आहे ती हीच. वेदनेच्या गुणांत फरक नसतानाही, टेन्स वापरलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी पुढच्या प्रसूतीत ते पुन्हा वापरण्याची तयारी दर्शविली. ज्या वस्तूने दुखणे मोजून कमी झाले नाही, ती पुन्हा का हवीशी वाटावी?

याचा उलगडा बहुधा त्या बटणात आहे. प्रसूतिगृहात स्त्रीभोवती सर्व काही इतरांच्या इच्छेने चाललेले असते. तपासणी कधी, सलाईन केव्हा, कोणत्या कुशीवर निजावयाचे, आत कोणाला सोडावयाचे, हे सारे दुसरे ठरवितात. घरातही तिच्या वतीने निर्णय होत आलेले असतात. अशा वेळी हातातील एक लहानसे बटण तिच्या आज्ञेत असते. कळ येताना काहीतरी तिला स्वतःला करता येते. मेल्झॅक आणि वॉल यांच्या सिद्धान्तातही हे बसते. ते द्वार केवळ खालून येणाऱ्या स्पर्शाने मिटत नाही. वरून, मेंदूकडून येणाऱ्या संदेशांचाही त्यावर अंमल असतो. भीती ते उघडते, धीर ते मिटवू पाहतो.

याला पुष्टी देणारा पुरावा टेन्सहून कितीतरी भक्कम आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ अखंड कोणीतरी आधाराला असावे की नाही, याचा आढावा कॉक्रेनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २६ चाचण्या आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. जवळ सतत आधार असलेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होण्याचे प्रमाण अधिक आढळले. सिझेरियन आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी लागली, कळांचा काळही काहीसा आखूड झाला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' उपक्रमातही प्रसूतिगृहातील सन्मानपूर्ण वागणुकीवर भर आहे. घरातील अनुभवी काकू, मोठी जाऊ किंवा आई ही सोबत देऊ शकते. तिला यंत्र लागत नाही. ती कमरेला हात लावते, पाणी पाजते, कळ उतरल्याचे सांगते आणि डॉक्टरांचे बोलणे समजावून देते.

गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांनी हा हिशेब आपल्या भूगोलाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. गोंदिया शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे. खासगी प्रसूतिगृहे आहेतच. काही कुटुंबे रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूर गाठतात. परंतु दुकान देवरीत, सालेकशात किंवा अर्जुनी मोरगावात असेल आणि दिवस आषाढ-श्रावणाचे असतील, तर घरी बसून टेन्सच्या आधारे कळा काढण्याचा ब्रिटनमधील सल्ला येथे जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असेल, येथे वाटेत जंगल आणि भरलेले नाले आहेत. यंत्राने कंबर हलकी झाली म्हणून निघण्यास उशीर झाला, तर लाभाहून हानी मोठी. ज्यांचे घर दूर आहे, त्यांनी निघण्याची वेळ वेदनेवरून न ठरविता डॉक्टरांनी सांगितलेल्या कळांच्या अंतरावरून आणि रस्त्याच्या लांबीवरून ठरवावी. गर्भवतींसाठी १०२ आणि आणीबाणीसाठी १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

काही खुणा दिसल्यास यंत्र, शेक, मालीश हे सर्व बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. अंगावरून रक्त जाणे, पाण्याचा रंग हिरवट दिसणे, बाळाची हालचाल मंदावणे, ३७ आठवड्यांपूर्वीच कळा सुरू होणे, दोन कळांमध्ये उसंत न मिळता पोट सतत कडक राहून दुखणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी येणे, या त्या खुणा होत. त्या वेळी वेदना शमविणे हे काम नसून तिचे कारण शोधणे हे काम असते.

टेन्स वापरावयाचेच असेल, तर तेही प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच. हृदयात पेसमेकर असलेल्या स्त्रीने ते वापरू नये, अपस्माराचा त्रास असल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून वापरू नये. गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी ते लावू नये. पट्ट्या पोटावर, मानेवर किंवा जखमेवर कधीही लावू नयेत. न्हाणीघरात जाण्यापूर्वी त्या काढाव्यात. रुग्णालयात बाळाच्या ठोक्यांचे यंत्र लावल्यावर किंवा शस्त्रक्रियेची वेळ आल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा ते तत्क्षणी बंद करावे. गल्ल्यावर तासन् तास बसून कंबर धरलेल्या आजोबांसाठी भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सांगण्यावरून घरात आणलेले यंत्र सुनेच्या कमरेला परस्पर लावणे योग्य नाही. प्रसूतीच्या यंत्राची रचना, विशेषतः ते जोर वाढविण्याचे बटण, वेगळी असते आणि पट्ट्यांच्या जागाही आधी शिकून घ्याव्या लागतात. मुख्य म्हणजे काही हजार रुपयांच्या या वस्तूकडून जोरदार कळा थांबविण्याची अपेक्षा ठेवू नये. तसा खात्रीचा आराम एपिड्युरल देते. त्यासाठी मात्र भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्रीही उपलब्ध असावा लागतो.

म्हणून सातव्या महिन्याचे डोहाळजेवण आटोपले, की पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत. कळांच्या वेळी आत एक सोबतीण राहू शकेल का? चालता-फिरता येईल का? मालीश, गरम शेक यांना मुभा आहे का? टेन्स येथे वापरले जाते का? एपिड्युरलची सोय आहे का, असल्यास कोणत्या वेळी? निर्णय बदलावासा वाटल्यास कोणाला सांगावयाचे? हे प्रश्न सासूबाईंनी किंवा सासऱ्यांनी विचारण्यापेक्षा जिची प्रसूती आहे तिने विचारावेत. घरच्यांनी शेजारच्या खुर्चीत बसून उत्तरे ऐकावीत.

दहा मिनिटांच्या या बोलण्याला खर्च येत नाही. मात्र त्यानंतर कळा सुरू झाल्यावर स्त्रीला आपल्यापुढे कोणती दारे आहेत आणि त्यांतील कोणती उघडी आहेत, हे ठाऊक असते. तिने सोसण्याचे ठरविले तर ते तिचे सोसणे असते. तिने औषध मागितले तर तिला कोणी भित्री म्हणू नये. ऐनवेळी सिझेरियन करावे लागले तर तो तिचा पराभव मानू नये.

नववा महिना लागलेल्या घरात पिशवी पुन्हा एकदा उघडून तपासली जाईल. कागद आहेत, दुपटी आहेत, पैसे आहेत. त्या वेळी सासूबाईंनी क्षणभर सुनेजवळ बसावे आणि विचारावे, "सूनबाई, तुला भीती कशाची वाटते? आणि त्या वेळी तुला काय हवं असेल?" उत्तर लगेच येणार नाही. इतक्या दिवसांचे मौन एका प्रश्नाने फिटत नाही. तरी वाट पाहावी. ती जे सांगेल ते कागदावर लिहून, तो कागद घडी करून पिशवीत सर्वांत वर ठेवावा.